छावणीची चूल

दसऱ्याला सोने वाटायचे आणि सीमोल्लंघन करायचे ही चाल आता आपट्याच्या पानांपुरती उरली आहे. शिवकाळात आणि पेशवाईत मात्र तो खरोखरीचा प्रस्थानाचा दिवस होता. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, वाटा सुकू लागलेल्या; फौज दसऱ्याला बाहेर पडे ती पुढचा वैशाख सरता सरता माघारी येई. याचा एक साधा हिशेब आहे, पण तो सहसा कोणी मांडीत नाही. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळीची अवस येते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हजारो मराठी घरांतल्या कर्त्या पुरुषांची दिवाळी घरी झालीच नसेल. इकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात पाणी तापत असे, तेव्हा घरचा माणूस खानदेशात, वऱ्हाडात नाही तर माळव्यात कुठल्याशा माळावर तीन दगड मांडून, वाऱ्याकडे पाठ करून, भाकरीपुरता विस्तव पेटवण्याच्या खटपटीत असे.

त्या तीन दगडांची ही हकीकत आहे. बखरकारांना तलवारीचे आणि पगडीचे वर्णन करायला पाने पुरत नाहीत. चुलीविषयी ते बहुधा मुके असतात. पण फौज पोटावर चालते हे ज्यांना खरोखर कळले होते, त्यांनी चुलीचा विचार तोफखान्याइतक्याच बारकाईने केला होता, आणि जिथे तो सुटला तिथे लढाई रणांगणाच्या आधीच हरली गेली.

उघड्यावर स्वयंपाक करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ज्यांनी शेतावर किंवा यात्रेच्या वाटेवर चूल पेटवली असेल त्यांना हे सांगायला नको. पहिला वैरी वारा. चुलीचे तोंड सरळ वाऱ्याकडे केले तर जाळ भडकतो, सरपण भराभर संपते आणि ठिणग्या उडतात. पाठ केली तर धूर रांधणाऱ्याच्या डोळ्यांत. म्हणून जाणता माणूस तोंड वाऱ्याला थोडे तिरके ठेवतो आणि वाऱ्याच्या अंगाला आडोसा करतो: दगडांचा, खोगिरांचा, धान्याच्या गोण्यांचा, काही नाही तर दोन काठ्यांवर ताणलेल्या घोंगडीचा. आडोशावाचून भात एक वेळ शिजेल, पण भाकरी होणार नाही. तवा एका अंगाला तापतो आणि भाकरी अर्धी करपून अर्धी कच्ची राहते. माणसे पुष्कळ असली तर दगडांऐवजी चर खणावा. हात-दीड हात खोल चराच्या दोन्ही कडांवर भांडी ओळीने बसतात, वारा वरून निघून जातो आणि थोड्या लाकडांत पुष्कळांचे रांधून होते.

दुसरा वैरी पाऊस. चूल नेहमी चढावर मांडायची, खोलगटात नव्हे. ओल्या जमिनीवर आधी चपटे दगड पसरायचे आणि भोवती पाणी वाहून जायला चर काढायचा. पाल ठोकले तर चूल त्याच्या मधोमध न घालता वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूच्या उघड्या कडेला घालायची, म्हणजे धूर बाहेर जातो आणि जाळ कापडाला लागत नाही. उद्याचे सरपण आज रात्री माणसांच्या आधी झाकायचे. आणि तिसरा वैरी म्हणजे आपला स्वतःचाच विस्तव. स्वयंपाक झाला, माणसे जेवून आडवी झाली, आणि राखेखाली एक निखारा जागा राहिला, की वाळल्या गवताच्या मुलखात तेवढा पुरतो.

आता आपल्या शेजारच्या, म्हणजे मोगलांच्या छावणीकडे पाहू. तिथे या साऱ्या अडचणींवर एकच उपाय होता, आणि तो म्हणजे दौलत. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त नोंदवून ठेवले आहे की बादशाही मुक्कामाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबूंचे संच दोन. बादशहा एका मुक्कामावर असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा होत असे. त्याला पेशखाना म्हणत. बादशहाचा मुदपाकखाना रात्रीच पुढे जाई, म्हणजे हुजूर पोचताच जेवण तयार. पण ही व्यवस्था बादशहाची. बाकीच्या लाखभर माणसांनी काय करायचे? फ्रान्सिस बर्नियर हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काश्मीरच्या स्वारीबरोबर दिल्लीहून निघाला होता. तो लिहितो की संध्याकाळी नोकरचाकर ओली लाकडे आणि जनावरांचे शेण जाळून स्वयंपाकाला लागले की छावणीवर असा दाट धूर बसे की माणसाला आपला तंबू सापडेना. त्यासाठी बादशाही डेऱ्यापाशी एक उंच डोलकाठी उभारून तिच्यावर रात्रभर दिवा लावीत. त्याचे नाव आकाशदिया. आपण दिवाळीत दारावर आकाशदिवा टांगतो तो पितरांच्या वाटेसाठी, असे जुनी माणसे सांगतात. बादशहाच्या छावणीत तो जित्या माणसांना चुलींच्या धुरातून वाट दाखवण्यासाठी लागत होता.

शिवाजी महाराजांच्या फौजेचे तंत्र याच्या अगदी उलट होते. सडी फौज, थोडे सामान, रात्रीतून वीस कोसांची दौड. अशा स्वारीत चुलीला वेळ कुठला? महाराजांच्या पदरी असलेल्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने लष्कराचे कायदे दिले आहेत. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कोणी नेऊ नये. नेल्यास कडक शिक्षा. दसऱ्याला लष्कर बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात पोट भरावे, पावसाळ्यात छावणीस यावे. छावणीत मात्र दाणा, वैरण, औषधे, घोड्यांना आणि माणसांना गवताने शाकारलेली घरे, हे सारे आधी तयार असावे. स्वारीत चूल लहान, छावणीत कोठार मोठे, असा हा बेत होता. पण कोठार मोठे झाले म्हणजे त्याला आगीची भीतीही मोठीच.

आणि इथेच तो कागद येतो. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ च्या आगेमागे, उन्हाळ्याच्या अखेरीस चिपळूणजवळ मुक्काम केलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी एक पत्र लिहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेत छापले आहे. रयतेला त्रास देऊ नये, अशी ताकीद देणारे म्हणून त्या पत्राची ख्याती आहे. ती खरी, पण पत्राचा उत्तरार्ध सहसा कोणी वाचीत नाही. उत्तरार्ध चुलीविषयी आहे.

पत्रातला प्रसंग असा. फौज घाटावर न जाता कोकणातच थांबली होती. पागेच्या पावसाळ्यासाठी सुभ्यात जी बेगमी केली होती ती या मुक्कामात खर्ची पडली. कारकुनांकडून, गडावरून ओढूनताणून पुन्हा दाणा-वैरण जमवली. महाराज बजावतात, ती आत्ताच हवी तशी उधळाल तर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. जे गरीब कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा तुम्हांला सरकारी खजिन्यातून वाटणी दिली आहे. ज्याला जे हवे ते त्याने बाजारात विकत घ्यावे.

नीट पाहिले तर या यादीतल्या बहुतेक वस्तू चुलीच्या आहेत. परक्या फौजेचे भय शेतकऱ्याला भाल्यापेक्षा अधिक वाटे ते तिच्या भुकेचे. दहा हजार माणसांना संध्याकाळी दहा-बारा माणसांमागे एक या हिशेबाने हजारभर चुली लागतात. प्रत्येक चुलीला सरपणाचा एक भारा म्हटला तरी रोजचे हजार भारे झाले. ते येणार कुठून? गावच्या कुंपणांतून, आंब्याच्या बागांतून, अखेर घरांच्या वाशांतून. फौज आपली असो की परकी, चुलीत गेलेला वासा परत येत नाही. राजाला हा हिशेब समजलेला होता.

यानंतर पत्र आगीकडे वळते, आणि एखादा घरचा वडीलधारा माणूस रात्री साऱ्या घरावरून फिरून यावा तसे ते वाटते. कोणी भलत्याच जागी रांधण करील, कोणी शेकोटी पेटवील, कोणी तंबाखू ओढायला चिलमीसाठी निखारा उचलून नेईल. गवत पडले आहे की वारा सुटला आहे हे पाहणार नाही. एका खणाला आग लागली की सगळे खण जळतील. गवताच्या गंजीत एक ठिणगी पडली की वैरण गेलीच. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना धारेवर धरले, तरी एक खण उभा करण्यापुरतेही लाकूड मिळायचे नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून पाहावे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, तेही होऊ देऊ नये. आणि शेवटी एक झणझणीत टोमणा: हे सांभाळले नाही तर पागा बुडाली म्हणून समजा, मग घोडी बांधायला नकोत, चारायला नकोत, तुम्ही मोकळे!

हे पत्र लिहिणारा राजा तेव्हा आदिलशाहीशी आणि मोगलाईशी झुंजत होता. राज्याभिषेकाचा घाट घातला जात होता. अशा धामधुमीत उंदराने पळवलेल्या वातीचा विचार त्याला सुचला. पुष्कळ लोक याला बारकाईचे कौतुक म्हणून वाखाणतात. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. या पत्रात चूल ही शिपायाची खाजगी बाब राहिलेली नाही. तिचे सरपण रयतेचे, तिची ठिणगी सगळ्यांची. म्हणून ती कुठे मांडावी आणि कशी विझवावी हे राज्याचे काम ठरले.

पुढे पेशवाईत फौजा फुगल्या. राहुट्या आल्या, डेरे आले, बाजार आला, बुणगे आले. इतक्या पसाऱ्याला जागा नेमून देण्यासाठी बिनीवाला नावाचा अधिकारी असे. बिनी म्हणजे आघाडी. हा पुढे जाऊन पाणी, मैदान आणि चारा पाहून तळाची जागा ठरवी व निशाण रोवी. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत रेसिडेंटाबरोबर राहिला होता. त्याने घरी पाठवलेली पत्रे १८१३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठ्यांना हसण्याची एकही संधी तो सोडीत नाही. पण एवढे त्यालाही कबूल करावे लागले की मुक्काम कुठेही पडो, प्रत्येक सरदाराची आणि प्रत्येक बाजाराची जागा निशाणापासून ठरलेली असे. आज नवखा मुलूख, उद्या दुसरा. पण आपला वाणी कुठे, आपली चूल कुठे, हे माणसाला विचारावे लागत नसे. वाण्याच्या पालात पीठ आणि डाळ, पलीकडे सरपण विकणारे, कडेला वंजाऱ्यांच्या तांड्याच्या गोण्या. हे चालते शहरच होते.

पण या शहराची एक गोम होती. त्याला रोज बाहेरून दाणा यावा लागे. तो बंद झाला म्हणजे काय होते, हे अर्ध्या शतकापूर्वी पानिपतावर दिसून चुकले होते.

१७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला. तिथे धान्य भरपूर मिळाले आणि फौज आनंदात होती. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या आणि मराठ्यांच्या मध्ये येऊन बसला. भाऊंनी पानिपतास खंदक खणून तळ दिला. तिथींचा मेळ घातला तर असे दिसते की तळ पडून आठवडा-दीड आठवडा होतो न होतो तोच दिवाळीची अवस आली. कुंजपुऱ्याचा दाणा अजून गोण्यांत होता. त्या दिवाळीला चुली पेटल्या असतील. पुढे डिसेंबरात रसदेची मुख्य दोरी, गोविंदपंत बुंदेले, अब्दालीच्या छाप्यात मारले गेले. पतियाळाच्या आला सिंगाकडून येणारे थोडे धान्यही आटले. उत्तरेतला पौषाचा गारठा, भोवती गिलच्यांच्या चौक्या. दाण्याच्या, चाऱ्याच्या आणि सरपणाच्या शोधात रात्री खंदकाबाहेर पडलेले बुणगे कापले जाऊ लागले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने शेवटचे दिवस लिहून ठेवले आहेत. सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही. असे झिजून मरण्यापेक्षा एकदा लढू. भाऊंनी कोठारात उरलेला दाणा वाटून टाकायला सांगितला, म्हणजे सगळ्यांना एक वेळ तरी पोटभर मिळेल. ती १३ जानेवारी १७६१ ची रात्र. त्या रात्री तळावर शेवटच्या चुली पेटल्या.

पानिपताची एक गोष्ट सांगतात. शत्रूने मराठ्यांच्या तळावर शेकडो निरनिराळे धूर पाहिले, तेव्हा कळले की हे लोक एकमेकांच्या हातचे खात नाहीत. ज्यांच्या चुली वेगळ्या ते लढाईत एक कसे राहतील, असे म्हणून तो निश्चिंत झाला. गोष्ट ऐकायला चटकदार आहे आणि जातिभेदावर कोरडा ओढायला सोयीचीही. तो कोरडा ओढलाच पाहिजे, त्याविषयी माझे दुमत नाही. पण पराभवाचे कारण म्हणून ही गोष्ट टिकत नाही. चुली अब्दालीकडेही वेगळ्याच होत्या. त्याच्या बाजूला शुजाच्या फौजेत नागा गोसावी लढत होते. त्यांची पंगत रोहिल्यांबरोबर खचितच बसत नव्हती. इकडे इब्राहिमखान गारद्याची चूल भाऊंच्या मुदपाकखान्याहून निराळी होती, पण १४ जानेवारीला गारदी हटले नाहीत. तो दिवस त्यांनी रक्ताने लिहिला. वेगळेपण दोन्हीकडे होते. फरक एवढाच की एका तळावर दाणा पोचत होता आणि दुसऱ्यावर पोचत नव्हता. सभासदाने नोंदलेल्या नियमांतला लहान चुलीचा आणि मोठ्या कोठाराचा मेळ पानिपतावर उलटा झाला होता: खाणारी तोंडे अफाट, त्यांत यात्रेकरू, बायका, बाजारकरी, आणि कोठार शेकडो कोसांवर.

मग ही छावणीची विद्या गेली कुठे? फौजा मोडल्या, १८१८ साली पेशवाई बुडाली, राहुट्यांची कापडे विरली. पण विद्या गेली नाही. ती पंढरीच्या वाटेला लागली. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतरावबाबा हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ते सारे सोडून आळंदीला माउलींच्या चरणी राहिले आणि १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. पालखीच्या पुढे आणि मागे दिंड्यांचे क्रमांक ठरले, कूच-मुक्कामाची वेळ ठरली, हुकूम सांगायला चोपदार आले. आजही मुक्कामाच्या जागेला वारकरी 'तळ' म्हणतो. हा शब्द लष्कराचा आहे. ब्रॉटनने पाहिलेले ठरल्या जागांचे शहर आषाढात आळंदीपासून पंढरपुरापर्यंत अजून चालते, फक्त त्यातली तलवार गेली आणि वीणा आली.

दिंडीच्या तळावरचा स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे त्यांना वरचे सारे वर्णन ओळखीचे वाटेल. सामानाची गाडी दिंडीच्या आधी निघते. पोचताच आधी जागेचा चढ-उतार पाहतात, पाल ठोकतात, भोवती चर मारतात, वाऱ्याच्या अंगाला कनात बांधतात, आणि मग चूल. वर आषाढाच्या सरी, खाली चिखल, आणि पालाच्या कडेला आयाबाया शेकडो माणसांच्या भाकऱ्या थापीत बसलेल्या. आता पुष्कळ दिंड्यांत लाकडांच्या जागी गॅसच्या शेगड्या आल्या आहेत. आडोसा मात्र तसाच लागतो, कारण वारा काही बदललेला नाही. आणि एक फरक मोठा आहे. जिथे फौजेचा धूर दिसला की गाव रानात पळे, तिथे दिंडीचा तळ पडला की गाव पिठले-भाकरीच्या टोपल्या घेऊन सामोरे येते.

दिवाळीच्या सुटीत हल्ली मुले पाठीवर पिशव्या टाकून गडांवर मुक्कामाला जातात. फार चांगली गोष्ट आहे. महाराजांचा मुलूख पायांनी पाहावा. पण याच दिवसांत सह्याद्रीवरचे गवत वाळू लागते आणि पुढे होळीपर्यंत एका काडीने डोंगरच्या डोंगर काळे होतात. त्यांत गुरांची वैरण जाते, पाखरांची घरटी जातात, खालच्या वाडीचे सरपण जाते. म्हणून घरातल्या वडील माणसांनी मुलांच्या पिशवीत फराळाचा डबा घालताना चिपळूणच्या त्या पत्राचे चार शब्द कानांत घालावेत: चूल गवतापासून लांब, मोकळ्या मातीवर किंवा खडकावर मांडा, वाऱ्याच्या बाजूला दगड रचा, ओली फांदी तोडू नका, आणि निघण्यापूर्वी राखेवर पाणी ओतून, ती काठीने ढवळून, वर हाताचा तळवा धरून पाहा. ऊब लागली तर आणखी पाणी ओता.